सायनाइड आणि त्याच्या गोतावळ्यातील संज्ञा : मराठीत लिहिणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शक

मुंबईत रासायनिक आणि वैद्यकीय मजकूर मराठीत आणण्याचे काम अनेकांच्या वाट्याला येते. कोणी अंधेरी किंवा भांडुपच्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाताखाली सूचनाफलक तयार करतो, कोणी रुग्णालयाच्या नोंदविभागात बसून नातेवाइकांना कागद समजावून देतो, कोणी वृत्तपत्राच्या गुन्हे विभागात शवविच्छेदन अहवालाची बातमी करतो, तर कोणी न्यायालयासाठी अनुवाद करतो. या सर्वांना कधी ना कधी सायनाइड हा शब्द आणि त्याच्यासारखे दिसणारे डझनभर शब्द भेटतात. त्यांतले काही तीव्र विषाचे आहेत, काही औषधांचे, काही स्वयंपाकघरातल्या पदार्थांचे, आणि अनेकदा त्यांच्यात फरक असतो तो एखाद्या अक्षराचा. एक अक्षर चुकले तर कारागिराला चुकीची सूचना मिळते किंवा वाचकाच्या मनात विनाकारण भीती बसते. म्हणून हे शब्द पाठ करण्याऐवजी कसे ओळखावेत, हे येथे क्रमाने सांगितले आहे. वाचकाने शालेय रसायनशास्त्र कधीतरी वाचलेले आहे, एवढेच गृहीत धरले आहे.

पहिली पायरी : गाभा कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा

एक कार्बन आणि एक नायट्रोजन यांची तिहेरी बंधाने जोडलेली जोडी, हा या गोतावळ्यातील बहुतेक पदार्थांचा गाभा आहे. कोणतेही नवे नाव समोर आले की ही जोडी सुटी आहे, कार्बनच्या साखळीला जोडलेली आहे की एखाद्या धातूने धरून ठेवलेली आहे, हा प्रश्न आधी विचारावा. शरीरात ती जोडी सुटी होऊ शकते का आणि किती वेगाने, यावरच त्या पदार्थाचा विषारीपणा मुख्यतः अवलंबून असतो.

सुट्या अवस्थेत या जोडीवर ऋण प्रभार असतो आणि तिला सायनाइड आयन म्हणतात. सोडियम सायनाइड आणि पोटॅशियम सायनाइड हे तिचे क्षार आहेत. ते पांढरे, घन आणि पाण्यात सहज विरघळणारे असतात. याच जोडीला हायड्रोजन मिळाला की हायड्रोजन सायनाइड तयार होतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे मुंबईच्या बहुतेक दिवशी तो उघड्यावर वायुरूपातच असणार. त्याच्या पाण्यातील द्रावणाला हायड्रोसायनिक आम्ल म्हणतात. जुन्या पुस्तकांतील प्रुसिक आम्ल हेच होय. कार्ल विल्हेल्म शील या रसायनशास्त्रज्ञाने १७८२ मध्ये ते प्रुशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्यापासून मिळवले, म्हणून हे नाव पडले. आजच्या मजकुरात हायड्रोजन सायनाइड हेच नाव वापरावे आणि जुने नाव फक्त जुन्या दस्तऐवजाच्या अनुवादात ठेवावे.

हीच जोडी कार्बनच्या साखळीला जोडली गेली की त्या संयुगाला नायट्राइल म्हणतात. औषधनिर्मिती कंपन्यांच्या प्रयोगशाळांत ॲसिटोनायट्राइल हे द्रावक रोजच्या वापरात असते. यकृत त्याचे हळूहळू विघटन करते आणि त्यातून सायनाइड सुटते, त्यामुळे लक्षणे काही तासांनी दिसू शकतात. अपघातानंतर कर्मचारी सुरुवातीला ठणठणीत वाटला तरी त्याच्या कागदावर ‘निरीक्षणाखाली ठेवले’ असे का लिहिलेले असते, ते यावरून समजेल. ही नोंद मराठीत आणताना ‘प्रकृती उत्तम’ असे लिहून मोकळे होऊ नये. ॲक्रिलोनायट्राइल हेही विषारी आहे, परंतु त्याच्यापासून बनलेल्या रबराचे नायट्राइल हातमोजे सुरक्षित असतात, कारण तेथे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे बहुवारिक तयार झालेले असते. फेविक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या गोंदात सायनोॲक्रिलेट असते. नावात सायनो असले तरी तेथील खरी काळजी बोटे चिकटण्याची, डोळ्यात थेंब जाण्याची आणि वाफेमुळे नाकाडोळ्यांची जळजळ होण्याची असते.

तिसरी अवस्था धातूच्या संकुलाची. फेरोसायनाइडमध्ये लोहाच्या एका अणूभोवती सायनाइडच्या सहा जोड्या असतात आणि लोह त्यांना इतके घट्ट धरून ठेवते की सामान्य परिस्थितीत त्या सुटत नाहीत. बाजारातील मिठाची पिशवी उलटी करून घटकांची यादी वाचली, तर काही पिशव्यांवर ‘अँटिकेकिंग एजंट’ या शब्दांपुढे ५३६ हा क्रमांक आढळतो. तो पोटॅशियम फेरोसायनाइडचा आहे. पावसाळी दमट हवेत मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून तो अत्यल्प प्रमाणात घालण्याची परवानगी आहे. ‘तुमच्या मिठात सायनाइड’ अशा मथळ्यात नावातील अर्धाच भाग वाचलेला असतो. असा मथळा देणाऱ्याने हजारो घरांत नाहक धास्ती पोहोचवलेली असते, आणि मला ते अक्षम्य वाटते.

प्रुशियन ब्लू हाही लोह-सायनाइडचाच संकुल पदार्थ आहे आणि तो औषध म्हणून पोटातून दिला जातो. थॅलियमची विषबाधा झाली किंवा किरणोत्सारी सिझियम शरीरात गेले, तर आतड्यात त्यांना बांधून बाहेर काढण्याचे काम तो करतो. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये किरणोत्सारी सिझियम लोकांच्या हाती पडून दुर्घटना घडली, तेव्हा बाधितांना हेच औषध दिले गेले. ‘रुग्णाला फेरिक हेक्झासायनोफेरेट दिले’ असे वाक्य केसपेपरवर दिसले तर दचकू नये. प्रुशियन ब्लूचेच ते रासायनिक नाव आहे.

दुसरी पायरी : नावाची शेपटी आणि आधी जोडलेले शब्द वेगळे करा

नवख्यांची सर्वाधिक गफलत येथे होते, त्यामुळे या पायरीवर सावकाश थांबावे.

सायनाइडच्या जोडीला एक ऑक्सिजन मिळाला की सायनेट होते. सायनेटचे गुणधर्म सायनाइडपेक्षा खूपच वेगळे आहेत. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर याने अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला आणि सजीवांतील पदार्थ प्रयोगशाळेत बनवता येतात हे दिसून आले. या प्रसिद्ध प्रयोगाचे वर्णन करताना काही मराठी मजकुरांत अमोनियम सायनाइड असे छापलेले असते, ते चुकीचे आहे. कारखान्यात कामगारांच्या तोंडी सायनाइडचा उच्चार ‘सायनाइट’ किंवा ‘सायनेट’ असाही ऐकू येतो. त्यामुळे ऐकीव शब्दावरून लिहिताना डब्यावरचे नाव पाहिल्याशिवाय लेखणी उचलू नये.

ऑक्सिजनच्या जागी गंधक आले की थायोसायनेट. थायो हा पूर्वशब्द दिसला की गंधक आठवावे. आपले शरीर अल्प प्रमाणातील सायनाइडचे रूपांतर याच थायोसायनेटमध्ये करते आणि लघवीवाटे ते बाहेर टाकते. हे काम रोडानीज नावाचे विकर करते. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात आणि लाळेत थायोसायनेट जास्त आढळते. तपासणीच्या कागदावर ‘थायोसायनेट : वाढलेले’ असे दिसले म्हणून कोणी विष घातले, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आयसो हा पूर्वशब्द अणूंची जोडणी वेगळ्या टोकाने झाल्याचे सांगतो. आयसोसायनेटमध्ये नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन एका रांगेत असतात आणि सेंद्रिय साखळी नायट्रोजनच्या बाजूने जोडलेली असते. १९८४ च्या डिसेंबरमध्ये २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट होता. त्याने मुख्यतः डोळे आणि फुफ्फुसे होरपळली. त्या वायूच्या बाधेत सायनाइडचाही वाटा होता का आणि वाचलेल्यांना सायनाइडवरील औषध असलेल्या सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने द्यावीत का, यावरून त्या काळी वैद्यकीय वर्तुळात तीव्र वाद झाला. म्हणूनच भोपाळवर लिहिताना दोन्ही शब्द समोर येतात आणि लिहिणारा ते एकमेकांच्या जागी वापरून जातो. नियम सोपा आहे. कारखान्यातून सुटलेल्या वायूचे नाव मिथाइल आयसोसायनेट असे पूर्ण लिहावे, आणि सायनाइडचा उल्लेख त्या वादाच्या संदर्भातच करावा. गाद्यांचा आणि सोफ्यांचा फोम तयार करताना डायआयसोसायनेट वापरतात. तेथील कामगारांना होणारा दमा हा व्यावसायिक आजार म्हणून ओळखला जातो आणि त्याचेही वर्णन सायनाइडची विषबाधा असे करू नये.

थायो आणि आयसो हे दोन्ही पूर्वशब्द एकत्र आले की आयसोथायोसायनेट. मोहरी फेसली की नाकात जो झणका जातो, तो ॲलिल आयसोथायोसायनेटचा असतो. नावावरून पदार्थाचा स्वभाव ठरवू नये, याचे हे उदाहरण प्रत्येक मराठी घरात आहे.

आयसोसायनाइड, सायनोजेन, सायनोजेन क्लोराइड, सायनामाइड, सायन्युरिक आम्ल अशी आणखीही नावे भेटतील. यांतले सायन्युरिक आम्ल जलतरण तलावाच्या पाण्यातील क्लोरीन उन्हात टिकावा म्हणून वापरतात, तर सायनोजेन क्लोराइड हा अतिविषारी वायू आहे. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. मात्र प्रत्येक नाव पूर्ण लिहावे, त्याचे लघुरूप करू नये आणि ‘सायनाइडवर्गीय’ असा ढोबळ शब्द वापरून ते झाकू नये.

तिसरी पायरी : नाव क्रमांकाशी ताडून पाहा

नाव फसवू शकते, म्हणून प्रत्येक रासायनिक पदार्थाला जगभर मान्य असलेला क्रमांक दिलेला असतो. त्याला कॅस क्रमांक म्हणतात. सोडियम सायनाइडचा १४३-३३-९, पोटॅशियम सायनाइडचा १५१-५०-८, सोडियम सायनेटचा ९१७-६१-३, सोडियम थायोसायनेटचा ५४०-७२-७, ॲसिटोनायट्राइलचा ७५-०५-८ आणि मिथाइल आयसोसायनेटचा ६२४-८३-९ आहे. रसायनाबरोबर पुरवठादाराकडून येणाऱ्या सुरक्षा माहिती पत्रकाच्या पहिल्या आणि तिसऱ्या विभागात हा क्रमांक सापडतो. मराठी मजकुरात पदार्थाचे नाव पहिल्यांदा येते तेथे तो लिहून ठेवावा.

वाहतुकीसाठी आणखी एक चार आकडी क्रमांक असतो आणि त्याला यूएन क्रमांक म्हणतात. सोडियम सायनाइडसाठी १६८९ आणि पोटॅशियम सायनाइडसाठी १६८० हे क्रमांक आहेत. टेम्पोतून उतरवलेल्या पिंपावरचे लेबल नीट पाहिले तर कवटी आणि हाडांचे चिन्ह, मेलेल्या माशाचे व वाळलेल्या झाडाचे चिन्ह, हा चार आकडी क्रमांक आणि बारीक अक्षरांतील धोकावाक्ये दिसतील. मेलेल्या माशाचे चिन्ह म्हणजे ‘जलचरांना घातक’. गटारात ओतण्यास मनाई का आहे, ते कामगाराला याच चिन्हावरून समजावून सांगता येते, म्हणून मराठी फलक करताना ते वगळू नये. लेबलावर ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ असे दोन वेगळे संकेतशब्द वापरलेले असतात आणि त्यांची तीव्रता वेगळी असते. पहिल्यासाठी ‘धोका’ आणि दुसऱ्यासाठी ‘इशारा’ असे शब्द ठरवून घ्यावेत आणि सबंध कारखान्यात तेच ठेवावेत.

झवेरी बाजार आणि काळबादेवीच्या गल्ल्यांत सोन्याचे पाणी चढवणारे कारागीर जे मिश्रण वापरतात, त्याला बोलताना बहुधा नुसते ‘सॉल्ट’ म्हणतात. त्यात पोटॅशियम गोल्ड सायनाइड असू शकते. बोलीतला शब्द फलकावर ठेवायला माझी हरकत नाही, उलट तो असावाच, परंतु त्याच्यापुढे पूर्ण रासायनिक नाव आणि क्रमांक हवा. कारागिराला काही झाले तर त्याच्याबरोबर रुग्णालयात जाणाऱ्याने ‘सॉल्ट होते’ एवढेच सांगितले, तर डॉक्टरांना त्यातून काहीही कळणार नाही.

चौथी पायरी : शरीरात काय बिघडते ते समजून मग शब्द निवडा

सायनाइड पेशींच्या तंतुकणिकांमध्ये शिरते आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरातील लोहाला चिकटते. तेथे ऑक्सिजनचा वापर होऊन ऊर्जा तयार होत असते. ते काम थांबले की रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. वैद्यकीय कागदावर याला ‘हिस्टोटॉक्सिक हायपॉक्सिया’ म्हणतात. मराठीत ‘ऊतकांना ऑक्सिजन वापरता न येणे’ असे सरळ लिहावे. ‘ऑक्सिजनची कमतरता’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला रक्तातच ऑक्सिजन कमी आहे असे वाटेल. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा अशा रुग्णात चांगला दिसू शकतो, त्यामुळे नातेवाईक त्या आकड्याकडे बोट दाखवून ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारतात. त्यांना समजेल असे उत्तर लिहून ठेवणे, हे नोंदविभागातल्या माणसाचे मोठे काम आहे.

ऑक्सिजन वापरता न आल्यामुळे पेशी दुसऱ्या मार्गाने ऊर्जा मिळवतात आणि लॅक्टिक आम्ल साठते. कागदावर ‘लॅक्टिक ॲसिडोसिस’ असे दिसेल. मराठीत ‘लॅक्टिक आम्लामुळे रक्ताची आम्लता वाढणे’ असे लिहावे आणि नेहमीच्या ‘ॲसिडिटी’शी त्याची गल्लत होऊ देऊ नये.

आता ‘सायनोसिस’. हा शब्द सायनाइडचा भाऊ वाटतो, आणि दोन्ही शब्द गडद निळ्या रंगाच्या ग्रीक नावावरून आलेले असल्यामुळे व्युत्पत्तीपुरते ते भाऊ आहेतही. अर्थाने मात्र सायनोसिस म्हणजे त्वचा, ओठ किंवा नखे निळसर पडणे, आणि ते हृदयविकारापासून न्यूमोनियापर्यंत कशातही दिसते. उलट सायनाइडची बाधा झालेल्या रुग्णाची त्वचा सुरुवातीला निळी पडलेली नसते, कारण वापर न झालेला ऑक्सिजन शिरांतील रक्तातही शिल्लक राहतो आणि ते रक्त लालभडक दिसते. ‘सायनोसिस आढळला’ या वाक्याचे मराठी ‘सायनाइडची लक्षणे आढळली’ असे केले, तर तो अनुवाद राहत नाही. त्यातून खोटा आरोप उभा राहतो.

सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरावर घाला घालणारे आणखी काही पदार्थ आहेत आणि त्यांची नावे एकत्र येतात. हायड्रोजन सल्फाइड हा गटारात साठणारा, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू त्यांतलाच. मॅनहोलमध्ये उतरलेल्या सफाई कामगारांच्या मृत्यूच्या बातम्यांत त्याचा उल्लेख येतो. प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येईनासा होतो, हेही बातमीत लिहावे. प्रयोगशाळेतील द्रावणांत टिकाऊपणासाठी घातलेले सोडियम ॲझाइडही असाच परिणाम करते. कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः हिमोग्लोबिनला पकडून ठेवतो. आगीच्या धुरात हायड्रोजन सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही असू शकतात, कारण फोमच्या गाद्या, लोकर, रेशीम आणि नायलॉन जळताना सायनाइड बाहेर पडते. इमारतीतील आगीच्या बातमीत ‘धुरामुळे गुदमरून’ असे लिहिणे पुरेसे असते. अहवालात वायूचे नाव दिलेले असेल तरच ते लिहावे.

पाचवी पायरी : उताऱ्याची नावे जिवापाड जपा

विषाच्या परिणामावर दिल्या जाणाऱ्या औषधाला ‘उतारा’ हा आपला रुळलेला शब्द आहे. परळच्या हाफकिन संस्थेमुळे सर्पदंशावरील इंजेक्शनासाठी ‘प्रतिविष’ हा शब्द आपल्याकडे घट्ट रुजला आहे. तो तेथेच राहू द्यावा आणि सायनाइडसाठी उताराच म्हणावे, म्हणजे गोंधळ टळतो.

सायनाइडवरील प्रमुख उताऱ्यांत हायड्रॉक्सोकोबालामिन येते. हे जीवनसत्त्व ब-१२ चे एक रूप आहे. त्यातील कोबाल्ट सायनाइडला धरतो, त्यातून सायनोकोबालामिन बनते आणि ते लघवीवाटे निघून जाते. अमेरिकेत २००६ मध्ये या वापरास मान्यता मिळाली आणि प्रौढांसाठी त्याची सुरुवातीची मात्रा शिरेतून ५ ग्रॅम असते. औषधाच्या गडद लाल रंगामुळे रुग्णाची त्वचा आणि लघवी काही दिवस ते काही आठवडे लाल दिसते, आणि रंगावर आधारलेल्या काही रक्ततपासण्या चुकू शकतात. नातेवाईक लाल लघवी पाहून रक्तस्राव समजतात, म्हणून हे आधीच सांगावे. आता फरक पाहा. औषधाच्या दुकानात अशक्तपणासाठी मिळणाऱ्या ब-१२ च्या गोळ्यांत सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन असते. सायनोकोबालामिनमध्ये कोबाल्टची ती जागा आधीच भरलेली असल्याने तो उतारा नाही, आणि नेहमीच्या मात्रेत त्यातले सायनाइड घातकही नाही. हायड्रॉक्सो आणि सायनो यांची अदलाबदल झालेला कागद कोणत्याही परिस्थितीत पुढे जाऊ देऊ नये.

दुसरा उतारा म्हणजे सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही दोन औषधे. नायट्राइट रक्तातील काही हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते आणि ते सायनाइडला स्वतःकडे ओढते. थायोसल्फेट गंधक पुरवते, ज्यामुळे सायनाइडचे थायोसायनेट होते. येथे नायट्राइट आणि नायट्रेट, थायोसल्फेट आणि सल्फेट ही वेगळी रसायने आहेत, हे लिहिताना प्रत्येक वेळी तपासावे. मेथहिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, त्यामुळे आगीतून वाचवलेल्या आणि कार्बन मोनॉक्साइडने आधीच बाधित झालेल्या रुग्णाला नायट्राइट देताना डॉक्टर फार सावध असतात. ही औषधे कधी व किती द्यायची हा सर्वस्वी डॉक्टरांचा निर्णय आहे. सामान्य वाचकांसाठीच्या लेखात ती घरगुती उपायासारखी मांडू नयेत.

अतिदक्षता विभागात सोडियम नायट्रोप्रुसाइड हे नावही भेटेल. वाढलेला रक्तदाब झपाट्याने उतरवणाऱ्या या औषधाच्या रेणूत सायनाइडचे पाच गट असतात, म्हणून ते दीर्घकाळ चालू असेल तर थायोसायनेटची पातळी तपासतात. उजेडाने ते बिघडते, त्यामुळे सलाइनची बाटली आणि नळी झाकलेली असते.

सहावी पायरी : अहवालातील आकडे आणि मते जशीच्या तशी आणा

पाण्याच्या अहवालात ‘मुक्त सायनाइड’ आणि ‘एकूण सायनाइड’ असे दोन आकडे असू शकतात. एकूण सायनाइडमध्ये धातूंनी धरून ठेवलेले सायनाइडही मोजलेले असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे, आणि नदीनाल्यात सोडायच्या औद्योगिक सांडपाण्यासाठी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. हवेतील प्रमाण दशलक्षांश भागांत, म्हणजे पीपीएममध्ये देतात. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक असतो, म्हणून एककाचे नाव अक्षरांत पूर्ण लिहावे.

मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदनानंतर व्हिसेरा, म्हणजे शरीरातील अवयवांचे नमुने, राखून ठेवतात आणि तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. मुंबईत ती सांताक्रूझ पूर्वेला कलिन्यात आहे. तोपर्यंत कागदावर ‘मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले’ असे लिहिलेले असते. याचे मराठीत ‘विषाचा संशय’ असे करू नये, कारण डॉक्टरांनी तसे म्हटलेले नाही. ‘विषबाधा’ म्हणजे विषाचा परिणाम होणे आणि ‘विषप्रयोग’ म्हणजे कोणीतरी मुद्दाम विष देणे. अहवालात पहिला शब्द असेल तर बातमीत दुसरा येता कामा नये. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात ‘आढळले नाही’ असे असेल, तर ‘नव्हते’ असेही लिहू नये. नमुना उशिरा घेतला किंवा नीट साठवला गेला नाही, तर सायनाइडचे प्रमाण बदलू शकते.

सातवी पायरी : अन्नाबद्दल लिहिताना प्रक्रिया सांगा

काही वनस्पतींत साखरेच्या रेणूला बांधलेले सायनाइड असते. त्यांना सायनोजनक ग्लायकोसाइड म्हणतात. कडू बदाम आणि जर्दाळूच्या बियांत ॲमिग्डॅलिन, कसावाच्या कंदात आणि जवसात लिनामारिन, ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत ढुरिन. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी खाऊन जनावरे दगावतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पण त्याच ज्वारीच्या दाण्याच्या भाकरीत हा धोका नसतो, हेही लिहायला हवे. उपासाचा साबुदाणा भारतात कसावापासूनच बनतो. कंद किसणे, धुणे, पिष्ट निथळवणे आणि भाजणे या क्रमात सायनाइडचा बहुतांश भाग निघून जातो. पदार्थाचे नाव आणि विषाचे नाव यांच्यामध्ये ही प्रक्रिया सांगितली नाही, तर एकादशीच्या आदल्या दिवशी लोक घाबरून फोन करतात. ‘जीवनसत्त्व ब-१७’ या नावाने खपवले जाणारे लेट्रिल हे जीवनसत्त्व नाही. कर्करोगावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि त्याने सायनाइडची बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. येथे मात्र भीती दाखवणे योग्यच आहे.

आठवी पायरी : कारखान्याच्या फलकावर आज्ञार्थी, छोटी वाक्ये लिहा

लेखात लांब वाक्ये चालतात, पण प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, टाकीजवळच्या भिंतीवर ती चालत नाहीत. ‘सायनाइड आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नका. विषारी वायू तयार होतो.’ एवढे पुरे आहे. ‘आम्ल’ या शब्दाबरोबर कामगार ज्याला तेजाब किंवा ॲसिड म्हणतात तो शब्दही द्यावा. ‘कडू बदामासारखा वास आल्यास बाहेर पडा’ ही ओळ अनेक जुन्या फलकांवर असते. ती एकटी ठेवणे धोक्याचे आहे, कारण अनेकांना जन्मतःच हा वास येत नाही. त्याऐवजी ‘वास आला नाही तरी धोका असू शकतो. गजर वाजताच बाहेर पडा.’ असे लिहावे.

प्रथमोपचाराच्या भागात क्रम महत्त्वाचा असतो. आधी स्वतःचे संरक्षण, श्वसनसंरक्षक उपकरणाशिवाय वायूत शिरायचे नाही. मग बाधिताला मोकळ्या हवेत आणणे, भिजलेले कपडे काढून त्वचा पाण्याने भरपूर धुणे, आणि त्याच वेळी १०८ किंवा ११२ वर फोन करणे. तोंडाला तोंड लावून श्वास देण्यास स्पष्ट शब्दांत मनाई लिहावी, कारण त्यातून मदत करणाऱ्यालाच बाधा होऊ शकते. रुग्णाबरोबर सुरक्षा माहिती पत्रकाची प्रत पाठवावी, ही ओळ शेवटी ठळक अक्षरांत असावी.

मसुदा तयार झाला की तो टाकीवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. जेथे तो अडखळतो तेथला शब्द बदलावा, परंतु रसायनाचे नाव आणि क्रमांक बदलू नयेत. रसायन पुरवणारा व्यापारी बदलला की सुरक्षा माहिती पत्रक नवे येते. त्यावरील तारीख फलकाच्या खालच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी आणि नवा फलक लावताना जुना फलक त्याच दिवशी भिंतीवरून उतरवावा.